मागच्या सीटचा भार

थोरलीचा सगळा जन्म वजनकाट्यांत चालला होता. वजनमापे खात्यात ती निरीक्षक होती. दुकानादुकानांतून फिरायचं, काटे तपासायचे, खोटा सापडला की सील ठोकायचं आणि वर दुकानदाराची बोलणी मुकाट ऐकून घ्यायची, हे तिचं रोजचं काम. जिभेवर विश्वास ठेवू नये, काट्यावर ठेवावा, असं ती म्हणायची. घरचे तिला हसायचे.

हसणं आई होती तोवरचं. आई गेली आणि बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले ते बसलेच. उभी हयात लेथ मशीनवर काढलेला माणूस, पण आता दोन्ही हात मांडीवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहायचा. जेवायला हाक मारली की उठायचा, आणि ताटातलं अर्धं तसंच टाकून पुन्हा खिडकीशी.

"त्यांच्या हाताला काम दे काहीतरी," तिचा भाऊ म्हणाला. "नाहीतर बसल्या जागी विझतील."

भावाला सगळे बारक्या म्हणत. दारातून आत येताना तो तिरका व्हायचा, इतका आडवा वाढला होता, पण लहानपणी पडलेलं नाव काही सुटलं नव्हतं. बस डेपोत तो मेकॅनिक होता. जुनी गाडीही त्यानंच हुडकली. दोन दारांची, गोल दिव्यांची, बेडकासारख्या तोंडाची छोटी गाडी. ते मॉडेल बंद होऊनच कितीतरी वर्षं लोटली होती.

विकणारा एक म्हातारा घड्याळजी होता. त्याच्या परसातल्या शेडमध्ये गाडी विटांवर चढवून ठेवली होती. पत्र्याला गंज, सीटा फाटलेल्या, पण इंजिन शाबूत. त्यानं किमतीसाठी घासाघीस केली नाही की गाडीची तारीफ केली नाही.

"घरात माणसं किती?" एवढंच त्यानं थोरलीला विचारलं.

"मी आणि वडील. भाऊ शेजारच्या गल्लीत राहतो, पण जेवायला आमच्याकडेच असतो."

"मग बरंय." त्यानं किल्ली तिच्या हातात ठेवली. "एकट्या माणसाला ही जड जाते हो."

जुनी गाडी, खर्चाला जड, असंच तिनं धरलं.

गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आली आणि बाबा खरंच खुर्चीतून उठले. पहिल्या दिवशी नुसते भोवती फिरले. मग दाराची निखळलेली मूठ हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "ही बनवावी लागेल." कित्येक महिन्यांत त्यांनी आपण होऊन उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. बारक्यानं तोंड फिरवून नाक पुसलं.

मग दर सुट्टीला तिघं कामाला जुंपली. बारक्या इंजिनात डोकं घालून, बाबा पत्र्याचा गंज खरवडताहेत, थोरली पॉलिश पेपर घासतेय. बाहेर आभाळ कायम भरलेलं असायचं. शेडमध्ये भर दुपारी दिवा लावावा लागे. रंगाचा आणि ऑइलचा वास कपड्यांतून जाईना. पण बाबा दोन घास जास्त जेवू लागले होते.

एक गोष्ट मात्र खटकत होती. गाडी मागून डाव्या अंगाला झुकायची.

"स्प्रिंग बसलीय," बारक्या म्हणाला आणि त्यानं नवी घातली. गाडी तशीच झुकलेली. त्यानं उजवीकडचीही बदलली, शॉक अब्सॉर्बर बदलले, टायरांची अदलाबदल केली. शेवटी जमिनीवर बसून त्यानं हात टेकले. "लंगडी घोडी पदरात पडली बघ, ताई."

थोरलीनं ऑफिसातून चाकांखाली ठेवायचे चार काटे आणले. तीन चाकांचा भार हवा तसा होता. डाव्या मागच्या चाकावर जास्तीचा भार होता. एका चांगल्या मोठ्या माणसाइतका. तिनं काटे पारखून घेतले, आपसात बदलून पाहिले. मग मागची सीट काढली, डिकी रिकामी केली, खालचा पत्रा उघडा केला. आत काही नव्हतं.

आकडा हलला नाही.

"काटा बिघडलाय," बारक्या म्हणाला. ते काटे तिनंच आदल्या दिवशी तपासून सील केले होते.

सीटांना नवीन रेक्झिन शिवायचं काम तिनं अंगावर घेतलं. बाबा कात्रीनं फोम कापून देत होते. डाव्या कोपऱ्यासाठी त्यांनी जाड तुकडा बाजूला काढला.

"इथं दुहेरी घाल. टोचत असेल."

"कुणाला, बाबा?"

बाबा कात्री चालवत राहिले.

नंतर नंतर ती कामावरून लवकर आली की शेडमधून त्यांचं बोलणं ऐकू यायचं. कारखान्यातल्या गमती, जुन्या फोरमनची नक्कल, मधेच स्वतःचं हसू. ती दारात आली की गप्प. एकदा तिला राहवलं नाही.

"बाबा, तुम्हाला आई आलीय असं वाटतं का?"

"छे गं." त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तीच खुळी. "तुझ्या आईचं वजन मला ठाऊक नाही होय? शेवटी शेवटी मीच उचलत होतो तिला. पोरीएवढी झाली होती. हे जड आहे."

"मग कोण आहे?"

"विचारलं नाही. ऐकतं आपलं बसून."

इंजिन सुरू झालं त्या दिवशी बारक्या एकटाच चक्कर मारायला गेला. परतला तो चालत. गाडी गावाबाहेरच्या वळणावर सोडून आला होता. चेहरा पांढराफटक पडला होता.

"ब्रेक लागेना का?" तिनं विचारलं.

"गाडी चांगली आहे." त्यानं पाणी प्यायलं. "वळण यायच्या आधीच ती मागून कलते, ताई. मागं बसलेल्याला रस्ता दिसावा, तशी. मग सरळ रस्त्यावर मी गुणगुणायला लागलो. तेव्हा भार पुढं आला. दोन सीटांच्या मधून कुणी वाकून ऐकावं, तसा." पेला खाली ठेवून तो म्हणाला, "आरशात काही नव्हतं. तेच वाईट."

दुसऱ्या दिवशी डेपोतल्या मित्रांनी गाडी ओढून शेडमध्ये आणली. त्यानंतर बारक्या जेवायला आला नाही.

थोरलीनं ठरवलं, गाडी घड्याळजीला परत करायची. तसं सांगितलं तर बाबा चिडले नाहीत. "एकदा फिरवून आण मला," एवढंच म्हणाले. "मग तू म्हणशील तसं."

राखाडी दुपार होती. ती चालवत होती, बाबा शेजारी बसले होते. एका वळणावर गाडी आधीच कलली. तिनं स्टिअरिंग घट्ट धरलं आणि आरशाकडे बघायचं टाळलं. बाबा रस्ताभर बोलत होते. मान किंचित मागे वळवून.

घरी आल्यावर बाबा उतरले. त्यांनी आपली सीट पुढं दुमडली आणि दार धरून बाजूला उभे राहिले. एखाद्या अवघडलेल्या पाहुण्याला उतरायला वेळ द्यावा, तसे.

गाडी मागून हळूच वर उचलली गेली.

बाबांनी दार लावलं आणि घरात गेले.

तिनं काटे लावले. चारही चाकांवर भार बरोबर होता. तिनं दोनदा पाहिलं. गाडी रिकामी होती, समतोल उभी होती, आणि नव्या रंगात फार देखणी दिसत होती. थोरलीच्या छातीवरचं ओझं उतरलं. बारक्याला बोलावून आणावं, असं तिच्या मनात आलं.

ती घरात गेली.

बाबा खिडकीशी नव्हते. सोफ्याच्या एका टोकाला बसले होते, तिच्याकडे पाहून हसत. सोफ्याचं दुसरं टोक खोल दबलेलं होतं.

"ये," बाबा म्हणाले. "तुझ्याबद्दलच सांगत होतो."

ती उंबऱ्याजवळच्या लाकडी फळीवरच थांबली.

तिच्या डोळ्यांदेखत गादी सावकाश फुगून वर आली. सपाट झाली.

खोलीत काही हललं नाही. बाबांची नजर मात्र सोफ्यावरून निघाली आणि हळूहळू सरकत तिच्या शेजारी येऊन थांबली.

थोरली उभी होती ती लाकडी फळी किंचित खाली गेली.