बिनतारेचे हात

त्याने चहाचा कप उचलला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. आत्ता, या क्षणापर्यंत, ती त्याच कपात ब्रश धूत होती.

चूक म्हटली तर तिची, म्हटली तर मामाची. गिऱ्हाईक आलं की चहा पुढे करायचा आणि जागा दिसेल तिथे कप टेकवायचा, ही मामाची जुनी खोड. जागा होती ती फक्त तिच्या रंगाच्या पाण्याशेजारी. ती बोटभर उंचीच्या एका शिपायाच्या डोळ्यात बुबुळ ठेवत होती. हे काम श्वास रोखून करायचं असतं, कारण ब्रश जरा हलला की शूरवीर तिरळा होतो. त्यामुळे दुकानाचं दार कधी उघडलं, टपटपती छत्री घेऊन कोण आत आलं, समोरच्या स्टुलावर कोण बसलं, यातलं तिला काही कळलंच नव्हतं. मामा तिला ठिपकी म्हणायचा ते काही उगाच नाही.

“अहो, तो चहा—”

तोवर त्याने घोट घेतलाही होता. त्याने कपात डोकावून पाहिलं. चहाला निळसर छटा आली होती.

“हा निळा रंग…”

“शिपायाच्या अंगरख्याचा,” ती कशीबशी म्हणाली. “विषारी नाही. म्हणजे… बहुतेक.”

“चवीला बरा आहे,” तो म्हणाला, आणि तिच्याकडे बघत बघत उरलेला चहाही संपवला.

इतका वेडा माणूस तिने आजवर पाहिला नव्हता. आणि खरं सांगायचं तर इतका देखणाही.

दुकान मामाचं होतं. टेबलावर मांडून खेळायच्या लढायांचं सगळं सामान तिथे मिळे: थर्माकोलचे डोंगर, स्पंजची झाडं, पडके बुरूज, आणि ठिपकीने रंगवलेले चिमुकले शिपाई. मोडलेले शिपाई दुरुस्तही होत. याने आणलेल्या शिपायाचा तलवारीचा हात खांद्यातून निखळला होता आणि रंगही उडाला होता. “धाकट्या बहिणीचा आहे,” तो म्हणाला. तिने दोन्ही टोकांना केसाएवढं भोक पाडलं, त्यात तारेचा तुकडा बसवला आणि मग गोंद लावला. नुसत्या गोंदाने चिकटवलेला हात म्हणजे निघताना पाहुण्याने दिलेलं वचन, असं मामा म्हणायचा. तार हवीच.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा हजर. या वेळी धनुर्धाऱ्याचा हात. मग भालेकऱ्याचा. बहीण फारच धांदरट दिसते, असं ती म्हणाली, तर त्याने सुस्कारा सोडून मान हलवली. काय काम करता, असं विचारलं, तर म्हणाला, दुरुस्तीचंच, बारीकसारीक. गोंद वाळेपर्यंत तो स्टुलावर बसून राही. गोंद वाळला तरी बसून राही.

“बुबुळावर हा पांढरा ठिपका कशाला?” त्याने एकदा विचारलं.

“तो नसला तर शिपाई आपल्याकडे बघत नाही.”

“माझ्या डोळ्यात आहे का?”

“बघावं लागेल,” ती बोलून गेली, आणि तो खरंच दिव्याखाली वाकला. ठिपका होता. दोन्ही डोळ्यांत दिवा चमकत होता… आणि दिव्याशेजारी ती स्वतः, शिपायापेक्षाही लहान.

“आहे,” ती म्हणाली. हातातला ब्रश कधी पडला ते तिला कळलं नाही.

त्या रात्री तिने स्वतःशी कबूल केलं की आपण या माणसाच्या प्रेमात पडलो आहोत. आणि त्यासोबत एक काळजीही आली. सैन्य झालं तरी डब्यात मावेल एवढंच. “आता थोडेच मोडायचे राहिलेत,” असं तो हसत म्हणाला होता. शेवटचा हात जोडला की तो इथे कशाला येईल? जोडणं हा जिचा धंदा, ती देवाजवळ मोडण्यासाठी प्रार्थना करू लागली. नुसत्या प्रार्थनेवर तिची भिस्त नव्हती. दुसऱ्या शनिवारपासूनच ती असं एक काम करत होती की मामाला कळलं असतं तर त्याने तिला रंगाच्या बाटल्यांसकट बाहेर काढलं असतं. ते काय, ते पुढे येईलच.

मग एका शनिवारी मामाची दाढ ठणकली. सकाळी गेलेला मामा दुपारी फुगलेला गाल धरून परत आला, आणि स्टुलावर बसून तिच्याकडे बघतच राहिला.

“ठिपके,” तो म्हणाला, “तुझा शनिवारवाला दातांचा डॉक्टर आहे. माझी दाढ त्यानेच उपटली.”

“काहीतरीच काय.”

“पुढे ऐक. मोडक्या दातात तो पिन घालतो आणि वर नवा दात उभा करतो. तुझीच विद्या, फक्त भाव जास्त. तुझ्या शिपायाचा हात त्याने जांभई देता देता बसवला असता. आणि ती धांदरट बहीण तिथेच काम करते. मी खेळाबद्दल विचारलं तर म्हणाली, कसला खेळ?”

सकाळीच तो एक शिपाई ठेवून गेला होता, संध्याकाळी न्यायला येणार होता. तिने तो भिंगाखाली धरला. पडून मोडलेल्या हाताचं टोक खडबडीत असतं. हे टोक आरशासारखं गुळगुळीत होतं. हात मोडला नव्हता, कापला होता. इतके शनिवार हे दिसलं कसं नाही? पण इतके शनिवार तिचं लक्ष तुटक्या टोकाकडे होतंच कधी?

संध्याकाळी तो आला, हातात सबंध सैन्याचा डबा घेऊन. मामाला खुर्चीत बघितल्यावर आपलं बिंग फुटणार, हे त्याला कळलंच असावं. तिने शिपाई त्याच्यापुढे ठेवला, आणि वर भिंग ठेवलं.

त्याचा चेहरा पडला. त्याने सारवासारव केली नाही, हे मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवं.

“पहिला खरंच मोडला होता,” तो म्हणाला. “दवाखान्यात कोणीतरी विसरून गेलं होतं. हात मीही बसवला असता, पण रंग कुठून आणू? म्हणून आलो. मग तुम्ही माझ्या चहात ब्रश धुतलात… आणि त्यानंतर माझ्याकडे मोडकं असं काही उरलंच नाही.”

“म्हणून चांगले विकत घेऊन कापलेत?”

“हो.”

“कोणीतरी डोळे फोडून रंगवले होते ते.”

“माहीत आहे. दात काढताना मला कधी वाईट वाटत नाही. हे कापताना वाटायचं.”

ती संतापली होती. खूप काही बोलायचं होतं तिला, पण ती भिंगच पुसत बसली, कारण चोराच्या मनात चांदणं. तिच्या गप्प बसण्याचा त्याने वेगळाच अर्थ घेतला. सैन्य इथेच राहू द्या, तुमच्याकडे नीट राहील, मी पुन्हा त्रास देणार नाही, असं म्हणून तो डब्यातले शिपाई एकेक करून टेबलावर मांडू लागला.

धनुर्धाऱ्याचा हात त्याच्या बोटांत राहिला आणि धनुर्धारी खाली पडला.

तो दचकला. त्याने भालेकरी उचलला. भाल्यासकट हात गळून पडला. मग सेनापतीचा.

“हे मी नाही केलं,” तो पांढराफटक पडून म्हणाला. “शपथ घेतो. हे मी नाही कापले.”

मामाने पुढे होऊन सेनापतीचा हात उचलला आणि दिव्याजवळ नेला. त्याचा अर्धा चेहरा अजून बधिर होता, उरलेला अर्धा थक्क झाला.

“ठिपके, यात तार कुठे आहे?”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. “नाही घातली,” ती म्हणाली. तिचे कान तापले होते. “पहिल्याला घातली. नंतर नुसता गोंद लावला. तार घातली असती तर… परत कशाला आला असता?”

“कोण, शिपाई?” डॉक्टरने विचारलं.

“दोघंही.”

तो तिच्याकडे बघत राहिला, जसा कोणी खिसेकापू स्वतःच्याच खिशात दुसऱ्याचा हात सापडल्यावर बघेल.

“पण इतक्या दिवसांत एकही तुटला नाही,” तो हळूच म्हणाला.

“तेच कोडं मला दर शनिवारी पडायचं. मी वाट बघून थकले. खेळता तरी की नाही, असं वाटायचं.”

“हातही लावत नव्हतो. तुम्ही जोडलेले होते… काचेच्या कपाटात ठेवले होते.”

“चोरावर मोर,” मामा म्हणाला, आणि गाल धरून चहा टाकायला आत गेला.

मग ते दोघं दिव्याखाली बसले. तो भोकं पाडत होता, ती तारा बसवत होती, आणि त्याची बोटं तिच्या बोटांना लागली की दोघंही काम थांबवत होते. सेनापतीचा हात पक्का बसला. तिने तो ओढून पाहिला. तो हलला नाही.

“आता हे काही तुटायचे नाहीत,” तो म्हणाला. आवाजात थोडी भीती होती. “मग पुढच्या शनिवारी… काय घेऊन येऊ?”

“काही नको,” ती म्हणाली. “नुसता ये.”

त्या एका ‘ये’ने तो इतका भांबावला, की हाताला लागला तो कप उचलून त्याने मोठा घोट घेतला. मामाचा चहा अजून आतच होता. त्याला काही कळलं नाही, आणि ती ब्रश धुवायला दुसरं पाणी आणायला उठली.