मॅडिगन लेकवरची खोटी पाटी

पुरुषोत्तमकाकांनी लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि पडद्यावर एकशे बारा ओळींचा तक्ता उघडला.

"फिशिंग प्लॅन, फोर्थ ऑफ जुलै," ते म्हणाले. "ओळ नंबर एक. पहाटे तीन पंचावन्न, सगळे उठतील."

"तीन पंचावन्नच का? चार का नाही?" मालिनीकाकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"चारला आपलं सगळं फ्रीमाँट गाव उठेल."

सोफ्यावर तीन मुलं बसली होती. बारा वर्षांची आश्लेषा ही काकांची मुलगी. तिला बाबांच्या तक्त्यांची सवय होती, त्यामुळे ती शांतपणे चिवडा खात होती. तिच्या शेजारी राधिका आणि तिचा धाकटा भाऊ ऋषी. ती दोघं समोरच्याच टाउनहाउसमध्ये राहायची. त्यांचे आईबाबा दोघंही सुट्टीभर ऑफिसच्या कामासाठी ऑन-कॉल होते, म्हणून ही स्वारी काकांबरोबर निघाली होती.

"ओळ एकवीस ते चाळीस ऋषी सांगेल," काका म्हणाले. "आपला बास माशांचा एक्स्पर्ट."

ऋषी दहा वर्षांचा होता. ट्रेंट नावाच्या माणसाचे मासेमारीचे सगळे व्हिडिओ त्याने पाहिले होते, काही तर तीनतीनदा. प्रत्यक्षात त्याने आजवर एकही मासा पकडला नव्हता, पण ते कुणी त्याला बोलून दाखवत नसे.

"सुट्टीच्या दिवशी लेकच्या मध्ये खूप बोटी असतात," तो उभा राहून सांगू लागला. "बासला आवाज आवडत नाही. तो सावलीत लपतो. म्हणून आपण पश्चिमेच्या विलो खाडीत जायचं. तिथे झाडं पाण्यावर वाकलेली आहेत. रबरी गांडूळ हळूच सोडायचं, आणि वेट करायचं."

"आणि मासा मिळाला की?" काकूंनी विचारलं.

"फोटो काढून सोडून द्यायचा."

"मग पकडायचा कशाला?"

यावर तक्त्यात ओळ नव्हती. काकांनी लॅपटॉप बंद केला.

शनिवारी सकाळी सहाला मॅडिगन लेकवर पोचल्यावर कळलं, की तीन पंचावन्नचा अलार्म बऱ्याच जणांनी लावला होता. बोटी ओढत आणलेल्या गाड्यांची रांग हमरस्त्यापर्यंत आली होती. पार्किंगमध्ये कोळशाच्या शेगड्या पेटल्या होत्या, झेंडे लागले होते, आणि एक लठ्ठ कुत्रा लाल-निळा टीशर्ट घालून सगळ्यांचे सँडविच तपासत हिंडत होता.

काकांनी पाँटून बोट भाड्याने घेतली होती. पाँटून म्हणजे दोन लांब नळ्यांवर ठेवलेला दिवाणखानाच म्हणायचा. त्यात सोफे, टेबल आणि वर छत. वेग मात्र डुलत चालणाऱ्या म्हशीइतका. बोट देणाऱ्या मुलीने सूचनांचं चार पानी पत्रक दिलं. इतर लोक ते खिशात कोंबून निघत होते. काकांनी ते आश्लेषाला मोठ्याने वाचायला लावलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. मग सगळ्यांची लाइफ जॅकेट ओढून तपासली, आणि सव्वासातला बोट सुटली.

"पस्तीस मिनिटं लेट," काका पुटपुटले.

विलो खाडीच्या तोंडाशी येताच मात्र बोट थांबवावी लागली. तिथे पाण्यावर दोन पांढरे बोये तरंगत होते, माणसाच्या कमरेइतके उंच, आणि प्रत्येकावर नारिंगी चौकट होती, पत्त्यांतल्या चौकटीसारखी. दोघांमध्ये पिवळी दोरी ताणलेली होती. दोरीवर लाकडी पाटी: बंद. पाण्यात विषारी शेवाळ. आत येऊ नये.

ऋषीचा चेहरा पडला.

"चला मागे," काका म्हणाले. "दोरी ओलांडायची नाही. आपली ग्रीन कार्डची फाइल अजून सरकारकडे आहे."

"काका, एक मिनिट," ऋषी पुढे वाकून म्हणाला. "ती गाठ बघा. तीन पीळ आणि वर सशाच्या कानांसारखे दोन फासे. ही ट्रेंट ट्विस्ट आहे. त्याने स्वतः बनवलेली."

"गाठ म्हणजे गाठ रे. कुणीही मारेल."

"नाही मारता येत. मी महिनाभर ट्राय करतोय."

आश्लेषा मात्र बोयांकडे बघत होती. "बाबा, पत्रकात वेगळं लिहिलं होतं. चौकटीच्या आत फुली असेल तर बोटींना बंदी. नुसती रिकामी चौकट असेल तर पाण्याखाली धोका, म्हणजे खडक वगैरे. इथे फुली नाहीये."

"खुणेवर खडक आणि पाटीवर शेवाळ," राधिका म्हणाली. "दोन्हीपैकी एक कुणीतरी चुकीचं लावलंय."

तेवढ्यात एक बदकीण सात पिल्लांना घेऊन दोरीखालून आत गेली. पिल्लं पाण्यात चोची बुडवत मजेत चालली होती. राधिकाने फोनचा कॅमेरा झूम केला. वाकलेल्या विलोंच्या मागे लाल बोट उभी होती. बोटीत टोपीवाला माणूस एका कॅमेऱ्यासमोर काहीतरी बडबडत होता. त्याने बोलणं थांबवलं, ओंजळीने पाणी घेतलं आणि तोंडावर मारलं.

"विषारी पाण्याने तोंड धुतोय," राधिका म्हणाली.

ऋषीने फोन ओढून घेतला. "ट्रेंट आहे," तो म्हणाला. "खरा ट्रेंट." पहिल्यांदा तो हसला. मग त्याने दोरीकडे पाहिलं, गाठीकडे पाहिलं, आणि त्याचं हसू हळूहळू मावळलं. "त्याने स्वतःसाठी खाडी बंद केलीये का?"

"आपल्याला काय करायचंय," काका म्हणाले आणि त्यांनी बोट वळवली. "नाश्ता करू. ओळ पंचेचाळीस."

पूर्वेच्या काठावर सगळ्यांसाठी धक्का आणि पिकनिकची टेबलं होती. काकूंनी थालीपीठ आणि दही काढलं. ऋषीने एकच तुकडा खाल्ला. टेबलांजवळ काचेआड लेकचा मोठा नकाशा लावला होता. थालीपीठ हातात घेऊन आश्लेषा नकाशाजवळ गेली आणि तिथेच थांबली.

"राधिका, इकडे ये. विलो खाडीत चौकटीची खूण दाखव."

राधिकाने बोट फिरवलं. "नाहीये."

"नाहीच आहे. आख्ख्या नकाशात फक्त दोनच चौकटी आहेत. त्या इथे." आश्लेषाने लेकच्या मधोमध बोट ठेवलं. "बुडालेला खडक. बोये तिथले आहेत."

दोघींनी वळून लेककडे पाहिलं. मधोमध नुसतं चमचमतं पाणी होतं. एकही बोया नाही. तिकडून एक स्पीडबोट गेली. तिच्यामागे दोरीला बांधलेल्या फुगीर ट्यूबवर दोन मुली आडव्या पडून किंचाळत होत्या. वळताना ट्यूब नकाशातल्या त्याच जागेच्या अगदी शेजारून घसरत गेली.

नकाशाच्या शेजारी एक रंगीत कागद चिकटवला होता. राधिकाने तो वाचला. "दहा वाजता सजवलेल्या बोटींची मिरवणूक. रस्ता बघ. सरळ मधून."

घड्याळात नऊ पंचवीस झाले होते.

लेकची देखरेख करणाऱ्या रेंजरचा नंबर फलकावर होता, पण फोनला नेटवर्क नव्हतं. तिघं पळत टेबलाशी आली आणि एकदम बोलायला लागली.

"एकेक," काका म्हणाले. त्यांनी सगळं ऐकलं. "पण असेल ना कुणीतरी बघायला. इतके लोक आहेत."

"बाबा," आश्लेषा म्हणाली, "तुम्हीच ऑफिसच्या फोनवर म्हणता ना, प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल, आणि मग प्रॉडक्शन डाउन होतं. ही रिस्क आहे. प्रोबॅबिलिटी हाय, इम्पॅक्ट हाय. ओनर कोण? जबाबदारी कुणाची?"

काकांनी दह्याची वाटी खाली ठेवली. त्यांनी नकाशाकडे पाहिलं, लेककडे पाहिलं, आणि ते उठून उभे राहिले.

"मालिनी, आवर. मुलांनो, बोटीत."

पाँटून लेकच्या मध्याकडे निघाली. जास्तीत जास्त वेगातही एक हंस तिला मागे टाकून पुढे गेला. नकाशातली जागा जवळ येऊ लागली तसा काकांनी वेग आणखी कमी केला. राधिका पुढच्या टोकाला पालथी पडून पाण्यात बघत होती. तिच्या हातात मासे उचलायच्या जाळीचा लांब दांडा होता. काकूंनी तिच्या जॅकेटचा पट्टा मागून दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

"काही दिसतंय?" काकांनी विचारलं.

"नुसतं हिरवं पाणी. काही नाही. काही ना..."

टक्.

दांडा दगडावर आपटला होता. राधिकाने वाकून पाहिलं. पाण्याखाली जेमतेम वीतभर खोल, शेवाळाने माखलेला खडक पसरला होता, एखाद्या ट्रकच्या टपाएवढा.

"स्टॉप, काका. इथेच आहे."

काकांनी बोट थोडी मागे घेतली आणि नांगर टाकला. आता पाँटून खडकाच्या कडेला उभी होती. दूर मिरवणुकीतल्या बोटी गोळा होताना दिसत होत्या.

"बोया नाही, तर आपणच बोया व्हायचं," राधिका म्हणाली. "नारिंगी काय काय आहे?"

काकूंची पिकनिकची नारिंगी चादर होती. पेटीत चार जादा लाइफ जॅकेट होती. मुलांनी चादर छताच्या खांबांना बांधली आणि जॅकेट गळांच्या काठ्यांना लटकवून काठ्या उंच धरल्या. लेकच्या मधोमध जणू वाळत घातलेले कपडे घेऊन एक दिवाणखाना उभा राहिला.

पहिली स्पीडबोट भरधाव आली. तिच्या चालकाने हातवारे करून बाजूला व्हायला सांगितलं. काकांनी जॅकेटची शिट्टी तोंडात घातली, नागपूरच्या चौकात वाहतूक पोलीस उभा राहतो तसे ते पाय फाकवून उभे राहिले, आणि त्यांनी तळहात समोर धरला. शिट्टी इतक्या जोरात वाजली की चालकाने घाबरून वेगच कमी केला. मग डाव्या हाताने त्यांनी त्याला वळण दाखवलं. तो वळला. मागचाही वळला.

"बाबांना हे आवडतंय," आश्लेषा हळूच म्हणाली.

लेकच्या मध्यावर राधिकाच्या फोनवर नेटवर्कच्या दोन रेघा उगवल्या. तिने रेंजरला फोन लावला आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं.

मिरवणुकीची पहिली बोट समोर आली तेव्हा दहा वाजून सात मिनिटं झाली होती. कागदी गरुडाने सजवलेली, तीसेक लहान मुलांनी भरलेली. पांढऱ्या दाढीचा कप्तान भोंगा वाजवून ओरडला, "रस्ता सोडा. इथे पार्किंग नाही."

ऋषीने काठी खाली ठेवली. त्याने जाळीचा दांडा घेतला आणि खडकावर आपटला. टक्, टक्. मग तो दांडा उभा केला. फक्त टोक ओलं होतं.

कप्तानाने दांड्याकडे पाहिलं, मग बोटीतल्या मुलांकडे. त्याने हळूच सुकाणू फिरवलं आणि मागच्या बोटींनाही हाताने वळायला सांगितलं. जाताना त्याने टोपी काढून छातीशी धरली.

शेवटची बोट गेली आणि रेंजरची बोट आली. रेंजर डेल्गाडो नावाची उंच बाई होती. तिने खडक पाहिला, ओठ घट्ट मिटले, आणि ती पाँटूनच्या पुढे निघाली ती थेट विलो खाडीकडे. जागा राखायला मागून आलेली तिच्या मदतनिसाची बोट थांबली, म्हणून काकाही मागोमाग निघाले.

ट्रेंट खाडीतून बाहेर पडतच होता. रेंजरला बघून तो तोंडभर हसला. "बरं झालं आलात. हे बोये वाहून आलेले दिसतायत. पाटी कुणी लावली काही कळत नाही. मीही आत्ताच पाहिली."

रेंजर काही बोलायच्या आत ऋषी पुढे झाला. "मिस्टर ट्रेंट, मी तुमचे सगळे व्हिडिओ पाहिलेत."

"अरे वा, दोस्ता."

"मला तुमची ट्रेंट ट्विस्ट जमतच नाही. तिसरा पीळ सुटतो. माझा फ्रेंड म्हणतो, ती कुणालाही जमते."

"कुणालाही?" ट्रेंट दुखावला गेला. "अख्ख्या अमेरिकेत ती गाठ नीट मारणारा एकच माणूस आहे, आणि तो तुझ्यासमोर उभा आहे. तिसरा पीळ उलटा द्यावा लागतो. तेवढं मी कुठल्याच व्हिडिओत दाखवलेलं नाही."

"हो का," ऋषी म्हणाला. त्याने बोयाकडे बोट दाखवलं. "असा उलटा?"

सगळ्यांनी गाठीकडे पाहिलं. तिसरा पीळ उलटा होता आणि वर सशाचे दोन कान ताठ उभे होते. ट्रेंटचं तोंड उघडं राहिलं. रेंजर डेल्गाडोने खिशातून वही काढली.

"मला फक्त एक शांत सकाळ हवी होती," तो अखेर म्हणाला. "शूटिंगसाठी. दुपारी बोये परत ठेवणारच होतो."

"दुपारपर्यंत तीस मुलं त्या खडकावरून गेली असती," रेंजर म्हणाली.

ट्रेंट खाली बघू लागला. मग त्याने ऋषीला विचारलं, "खरंच सगळे व्हिडिओ पाहिलेस?"

"सगळे," ऋषी म्हणाला. "पण आता नाही बघणार."

रेंजरने ट्रेंटकडूनच पाटी उतरवून घेतली, आणि बोये परत खडकाशी नेऊन लावायलाही त्यालाच बरोबर नेलं. निघण्याआधी तिने मुलांची नावं वहीत लिहिली. आश्लेषाचं नाव लिहायला तिला तीन प्रयत्न लागले, पण तिने हट्टाने ते नीट लिहिलं. "पंधरा वर्षं मी या लेकवर आहे," ती म्हणाली. "पत्रक पूर्ण वाचलेलं कुटुंब आज पहिल्यांदा भेटलं."

काका एवढे खूश झाले की थोडा वेळ त्यांना तक्ता आठवला नाही. आठवला तेव्हा बोट परत करायची वेळ झाली होती. खाडी उघडल्याचं कळताच चाळीसेक बोटी तिथे घुसल्या होत्या. मासेमारी संपल्यातच जमा होती.

भाड्याच्या धक्क्याशी बोट बांधताना ऋषी मात्र थबकला. धक्क्यावर माणसांची झुंबड होती, पण फळ्यांच्या खाली गार, काळी सावली होती. त्याने कुणाला न विचारता गळ उचलला आणि रबरी गांडूळ त्या सावलीत हळूच सोडलं. एक मिनिट गेलं. दोन गेली. मग काठीचं टोक वाकलं.

त्यापुढचं कुणालाच धड आठवत नाही. काकू ओरडत होत्या, "सोडू नकोस." काका जाळी उलटी धरून उभे होते. शेवटी राधिकाने गुडघ्यावर बसून मासा उचलला. हिरवट, रुंद तोंडाचा, हातभर लांब बास. आश्लेषाने फोटो काढला. ऋषीने त्याला दोन्ही हातांनी पाण्यात धरलं, तो स्थिर होईपर्यंत थांबला, आणि मग बोटं उघडली.

गाडीत बसतानाच त्याच्या बाबांचा फोन आला. काकांनी तो स्पीकरवर घेतला.

"काय पुरुषोत्तम, इतक्या गर्दीत काही पकडलं की नाही?"

काकांनी आरशातून मागच्या सीटवरच्या तिघांकडे पाहिलं. त्यांच्या आवाजात अभिमान मावत नव्हता.

"पोरांनी दोन पकडले," ते म्हणाले. "एक पाण्यात सोडला. दुसरा रेंजरच्या ताब्यात आहे."