नवरीच्या गालावरचे निळे ठिपके

अमरेश मगांवर फोटो छापायच्या माझ्या दुकानात आला तो चुकूनच. शेजारचं झेरॉक्सचं दुकान बंद होतं, म्हणून त्यानं माझं दार ढकललं, आणि मशीनमधून नुकत्याच निघालेल्या गरम मगाकडे बघत उभाच राहिला. रविवारी अक्कलकोटला त्याच्या बहिणीचा साखरपुडा होता. झेरॉक्स राहिली बाजूला, तो तिच्या फोटोचे पन्नास मग सांगून बसला. मी ओढणीच्या टोकानं मग पुसते हे बघून दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच्या कारखान्यातला नवाकोरा निळा टॉवेल आणून दिला. इतका मऊ, की मी तो क्षणभर गालाला लावला... त्यानं पाहिलं. मी उगाच मशीनचं बटण दाबलं.

आणि छापलेले मग बिघडायला लागले. फोटो सुरेख उमटायचा, पण नवरीच्या गालावर बारीक निळे ठिपके. मी तापमान कमी केलं, दाब वाढवला, कागद बदलला... ठिपके काही हटेनात. ही ऑर्डर गेली तर मशीन विकायचं, असं माझ्या वडिलांनी, अप्पांनी आधीच बजावलं होतं.

अमरेश मात्र रोज दुपारी यायचा, स्टूल ओढून बसायचा. घाई नाही म्हणायचा. बाहेर ऊन रणरणत असायचं, आत तापल्या कागदाचा वास, आणि त्याचं ते हळू आवाजातलं बोलणं. मशीन तापूच नये, तो असाच बसून राहावा असं मला वाटायचं.

शुक्रवारी मी टॉवेल झटकला. खिडकीतल्या उन्हात निळी लव उडाली, तरंगली, आणि अलगद पांढऱ्या मगावर जाऊन बसली.

"टॉवेलची लव चिकटायलीय," मी म्हणाले. अमरेशनं मान खाली घातली. मला संशय आला. "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापास्नं. टॉवेलचाच धंदा हाय की माझा."

"आणि गप्प बसलात? माझं मशीन विकणार होते अप्पा."

त्याचा चेहराच उतरला. हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. "चुकलंच माझं," तो म्हणाला. "पण ऑर्डर झाली असती, तर रोज हितं कशाला आलो असतो मी?"

राग आला, खरंच आला. मी त्याच्या हातात धुऊन धुऊन विरलेलं, लव न सुटणारं सुती फडकं दिलं आणि त्याला सगळे मग पुसायला बसवलं. तो पुसत होता, मी छापत होते. एकेक नवरी स्वच्छ हसत बाहेर येत होती. राग कधी गेला, कळलंच नाही.

संध्याकाळी खोकं उचलून तो दारापाशी घुटमळला. "तुमी लई आवडता मला," म्हणाला, "...आता काय निमित्त काढून येऊ?"

"सोमवारी या," मी म्हणाले, "पण ऑर्डर आणू नका."

तो गोंधळून बघत राहिला.

"नुसते या."