टाकीची साक्ष

"दिवा लागला म्हणून बोलणं सुरू झालं असं समजू नकोस, संपे! आधी केबल बघायची, मग पोर्ट, मग वेग. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की कशानं झालं ते कळतच नाही."

जितेंद्रदादाचा आवाज संपदाच्या कानात लख्ख होता. दादा मात्र नव्हता. तो सांगलीला इंजिनिअरिंगला, आणि आता कुठल्याशा कारखान्यात शिकायला गेलेला. चार दिवस त्याचा मोबाइल लागतच नव्हता. मे महिना, दोन हजार आठ साल. फुलपाड्यातल्या पारिजात सोसायटीतली निम्मीअधिक मुलं गावाला गेलेली. जिन्यात नुसत्या चपला वाजल्या तरी त्यांचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत एकटाच चढत जायचा.

"ए, दिवा लागलाय की! मग हा बोलत का नाही?" सुमेधनं कॉम्प्युटरला जोडलेल्या निळ्या सर्किट बोर्डाला टिचकी मारली. तिसऱ्या मजल्यावरचा सुमेध सातवीत जाणार होता आणि आताच्या या कॉम्प्युटरचा तो मालक होता. म्हणजे त्याचे बाबा ऑफिसला गेले की तोच!

"टिचक्या मारू नकोस रे," जीना म्हणाली. जीना गास गावची. सुट्टीत पहिल्या मजल्यावरच्या आग्नेस आंटीकडे राहायला आली होती. "तुला कुणी टिचकी मारली की तू बोलतोस का?"

"मी ओरडतो!"

संपदा हसली नाही. खालच्या फळ्यावरची नोटीस तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. 'अंगणातला नळ उघडा ठेवून टाकीतील पाणी वाया घालवल्याबद्दल बायजाबाई यांनी जिन्याखालची खोली शनिवारपर्यंत रिकामी करावी.' खाली सेक्रेटरी दिनानाथकाकांची झोकदार सही. आज गुरुवार होता.

बायजामावशी सोसायटी झाडायची, जिने पुसायची. तिला दुसरं घर नव्हतं. "मी पानी नाय सोडलं, बाय," एवढंच ती संपदाला म्हणाली होती. पण भरलेली टाकी रोज दुपारपर्यंत तळ गाठत होती, हेही खोटं नव्हतं.

आणि त्या टाकीवरच दादाचा बोर्ड होता! दिवाळीत त्यानं टाकीत तरंगता गोळा सोडून तो बसवला होता. दर पंधरा मिनिटांनी किती सेंटिमीटर पाणी आहे ते बोर्ड लिहून ठेवायचा. दहा दिवसांचं त्याच्या लक्षात राहायचं. लाइट गेली तर त्याला स्वतःची बॅटरी होती. फक्त त्याला तोंड नव्हतं. त्याचं ऐकायचं तर कॉम्प्युटरला जोडूनच. म्हणून आज दुपारी संपदानं तो टाकीवरून काढून सुमेधकडे आणला होता.

"आधी केबल," संपदा स्वतःशीच पुटपुटली. "सुमेध, ही केबल कशाची?"

"माझ्या गाण्याच्या प्लेअरची. चार्जिंगची."

"हिनं गाणी भरता येतात?"

"छे! गाणी मामा त्याच्या केबलनं भरून देतो. हिनं नुसता चार्ज होतो."

"अरे मग हिच्यातून नुसती वीज जाते! बोलणं जायच्या तारा हिच्यात नाहीतच! म्हणून तर दिवा लागला आणि पुढे काही नाही."

"म्हणजे जेवायला वाढलं आणि तोंड बांधलं!" जीना ताडकन उठली. "आंटीच्या कॅमेऱ्याची केबल असलीच आहे. तिनं फोटो जातात. थांबा!"

दोन मिनिटांत ती धापा टाकत परत आली. "आंटी म्हणाली, केबल घे, पण माझ्या नीलच्या कम्युनियनच्या विधीचे फोटो गेले तर दोघींना चर्च झाडायला लावीन."

केबल बदलली. दुसरं काहीही नाही. टिंग! कॉम्प्युटरनं आवाज दिला.

"झालं!" सुमेध ओरडला.

"नाही झालं. आता पोर्ट, म्हणजे बोर्ड कुठल्या दारानं आत आलाय ते." दादानं ठेवलेली सीडी घालून संपदानं बोर्ड ओळखणारा ड्रायव्हर आणि दादाचा आकडे वाचायचा प्रोग्रॅम चढवला, आणि दादानं दाखवली होती ती पोर्टांची यादी उघडली. प्रोग्रॅम तीन नंबरच्या पोर्टवर वाट बघत बसला होता. बोर्ड मात्र सात नंबरला येऊन उभा होता.

"एक जण स्टेशनच्या पूर्वेला, दुसरा पश्चिमेला," जीना म्हणाली. "भेट होणार कशी?"

तीनचे सात केले. पडदा भरभर भरायला लागला, पण काय ते! चौकोन, फुल्या, उलटी प्रश्नचिन्हं, वेड्यावाकड्या खुणा.

"जेजू! ही काय भुताटकी?" जीनानं छातीवर क्रॉस केला.

"सांगत होतो, टिचकी मारू द्या!"

संपदानं दादाला फोन लावला. पुन्हा तीच बाई म्हणाली, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. एक क्षण तिला रडूच आलं. इतक्या मोठ्या दुपारी, दोघं शेजारी असूनही, तिला अगदी एकटं वाटलं. चुकलं तर विचारायला कुणी नव्हतं, आणि खाली बायजामावशी शनिवारची वाट बघत बसली होती.

तिनं डोळे मिटले. केबल झाली. पोर्ट झाला. राहिला वेग.

"तो सावकाश बोलतोय आणि आपण घाईनं ऐकतोय," ती म्हणाली. प्रोग्रॅमचा वेग तिनं एकोणीस हजार दोनशेवरून त्याच्या खालच्या नऊ हजार सहाशेवर आणला.

पडद्यावर स्वच्छ आकडे उभे राहिले. १४८. १४६. १४४. १४२.

यावेळी तिघंही ओरडली!

मग तिघांची डोकी एकत्र आली. आकडे एका संथ चालीनं उतरत होते. पंधरा मिनिटांत दोन, पुन्हा दोन, सकाळी सगळ्यांच्या वापरानं सहा-सात. पण मध्यरात्रीसुद्धा दोन! दिवसातून दोनदा पंप चालू झाला की आकडा उंच उडी मारायचा, आणि पुन्हा उतरण सुरू.

"मागे जा," संपदा म्हणाली. "उड्या मोजा."

"...चौदा, पंधरा, सोळा! आणि त्याच्या आधी बघ! टाकी शून्य, आणि त्याच्या आदल्या रात्रभर ११२, ११२, ११२. हलतच नाही!" सुमेध म्हणाला.

"आज सकाळची एक उडी," जीनानं बोटांवर मोजलं, "बुधवारपासून मागे शुक्रवारपर्यंत रोजच्या दोन... मग गेल्या गुरुवारच्या दोन... एक उरली. गेल्या बुधवारची संध्याकाळ! म्हणजे टाकी शून्य असताना, बुधवारी दुपारी, कुठला तरी नळ उघडा राहिला."

"बुधवारी दुपारी?" सुमेधनं डोळे मोठे केले. "तेव्हा दिनानाथकाका चौथ्या मजल्यावरच्या बंद चारशे दोनमध्ये फ्लॅट बघायला गिऱ्हाईक घेऊन आले होते! मालक मस्कतला, किल्ली काकांकडे. बाहेर येताना म्हणत होते, 'आज पाणी नाही वाटतं.'"

तिघं आकडे कागदावर उतरवून दिनानाथकाकांकडे गेली.

दिनानाथकाका ऐकणाऱ्यातले नव्हते. "आकडे? खेळण्यातले आकडे मला दाखवता? ती बाई रात्रीसुद्धा नळ सोडते, एवढाच त्याचा अर्थ!"

सुमेध 'चारशे दोन' म्हणायला तोंड उघडणार, तोच जीनानं त्याचा पाय दाबला. संपदा हळू आवाजात म्हणाली, "असेल, काका. मग तुम्हीच पकडून द्या ना. अंगणातल्या नळाला तुमचं कुलूप लावा. सगळ्यांना दहा मिनिटं नळ बंद ठेवायला सांगा. तुमचं सगळे ऐकतात."

काका खूश झाले! त्यांनी स्वतःचं पितळी कुलूप आणून नळाला घातलं. बिल्डिंगभर आरोळी ठोकली. आग्नेस आंटी, संपदाची आई आशालता, सगळ्या बायका खाली जमल्या.

"सगळे नळ बंद?" काकांनी विचारलं.

"बंद!"

"बायजाबाईंचा?"

"माझ्यापाशी तेवढा एकच नळ, भाऊ. त्याला तर तुमचं कुलूप हाय."

"आता इकडे या, काका," संपदा त्यांना मागच्या बोळात घेऊन गेली. चौथ्या मजल्यापासून खाली आलेल्या मोरीच्या पाइपाकडे तिनं बोट दाखवलं. "इथं कान लावा."

काकांनी कान लावला. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं.

"हे... हे कुठलं पाणी?"

"तेच तर विचारायचंय!" आता मात्र सुमेधला राहवेना. "हा पाइप कुठल्या खोलीचा हो, काका?"

काकांनी वर पाहिलं. एकेक मजला मोजला. मग खिशातून किल्ली काढली.

चारशे दोनच्या मोरीत नळ पुरता उघडा होता. गाळायला बांधलेल्या फडक्यावरून पाणी सरळ जाळीत उतरत होतं, आवाजसुद्धा न करता.

"त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं," काका खालमानेनं म्हणाले. "गिऱ्हाइकाला दाखवायचं होतं... आलं की आवाज येईल म्हणून सोडून ठेवला. आपण सगळेच ठेवतो तसा. आणि कुलूप लावून गेलो."

नोटीस त्यांनी स्वतः फाडली. सगळ्यांसमोर बायजामावशीपुढे हात जोडले. "पोरांनी लाज राखली सोसायटीची," ते म्हणाले. "मी एकदा वर जाऊन बघायला हवं होतं."

"शाब्बास गं पोरींनो!" आग्नेस आंटीनं दोघींना कुशीत घेतलं.

"आणि मी? कॉम्प्युटर कुणाचा?" सुमेध ओरडला, आणि सगळे हसले.

संपदानं वळून पाहिलं. बायजामावशी कधीच खोलीत गेली होती. दारात तिची ट्रंक दोरीनं बांधून तयार होती. ती दोरी सोडत होती.

"मावशी, आता कुठं जायचं नाही!"

"नाय ना." तिनं शेवटची गाठ सोडली. "माझा एक नेम हाय, बाय. दुसऱ्याला घास दिल्याबिगर मी जेवत नाय. कोन तरी पोर यायचं खेळता खेळता, खायचं एक घास. नोटीस लागली, मग कोन नाय फिरकलं. चार दिवस मांजरीपुढं घास ठेवते न् जेवते."

संपदा स्वतःसुद्धा चार दिवस त्या दारावरून मान खाली घालून गेली होती.

"उद्यापासून मी येईन," ती म्हणाली. "रोज."

"रोज कोन येतं, बाय!" मावशी हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीना गासला परत गेली. सुमेध मामाबरोबर नालासोपाऱ्याला गेला. बिल्डिंग पुन्हा शांत झाली. साडेबाराला आईनं पान वाढलं.

"थोडं थांब हं, आई. मी एक घास खाऊन येते."

"अगं, कुठं?"

संपदानं पायात चपला अडकवल्या आणि दार आवाज न करता ओढून घेत ती जिना उतरायला लागली.