चाखणीचा मान

"मधुरिमा, तुझ्या पाया पडते... ते पलकच्या तोंडाला लावू नकोस गं!"

अरुंधतीच्या मांडीवरचं मेथीचं ताट खाली सांडलं, तरी तिचं तिकडे लक्ष नव्हतं. तिची नजर धाकट्या जावेच्या हातांवर खिळली होती. एका हातात पलकच्या वाफेच्या मशीनचा मास्क आणि दुसऱ्या हातात ती तपकिरी बाटली... जखमा धुवायच्या हायड्रोजन पेरॉक्साइडची! अरुंधतीचे यजमान दिवाकरराव गेले, त्या वर्षी त्यांच्या पायाची न भरणारी जखम ती रोज याच औषधानं धूत असे. टाकताक्षणी पांढरा फेस उसळायचा आणि तो धीराचा माणूस उशीत तोंड खुपसून कण्हायचा. बाहेरच्या राठ कातडीची ही गत, तर सहा वर्षांच्या पोरीच्या आतल्या कोवळ्या छातीचं काय होईल, या विचारानंच तिच्या काळजाचं पाणी पाणी झालं.

"वहिनी, तुम्ही बीच में पडू नका," मधुरिमा म्हणाली. जागरणानं तिचे डोळे सुजले होते. "कॉलनीच्या ग्रुपवर वीडियो आलाय. कोट घातलेला डॉक्टर सांगतोय, हे मशीनमध्ये टाकून ओढलं की छाती एकदम साफ. इतक्या बायांनी लाइक केलंय, सगळ्या काय पागल आहेत?"

"अगं, पण आपल्या डॉक्टरांना एक फोन तर कर. नाहीतर भावजींना येऊ दे..."

"ते भोपाळला मीटिंगमध्ये बसलेत! आणि डॉक्टरांचं एकच, सबर ठेवा, सबर ठेवा! कितना सबर ठेवू मी? पोरगी खोकून खोकून निळी पडते..." मधुरिमाचा आवाज फाटला. "तुम्हाला नाही कळणार. पोटची असती तर कळलं असतं!"

पलंगावर बसलेली पलक एकदा आईकडे, एकदा मोठ्या आईकडे बघत होती.

पोटची असती तर...! पलकला पहिला घास अरुंधतीनंच भरवला होता, रात्र रात्र छातीशी धरून तिनंच जोजवलं होतं. पण गेल्या पाडव्याला तिनं लाडानं श्रीखंड भरवलं आणि त्याच रात्री पोरीला पहिल्यांदा धाप लागली! "यापुढे तिला मी भरवेन," एवढंच मधुरिमा म्हणाली होती. तेव्हापासून पलकच्या ताटाजवळ अरुंधतीला जागा उरली नव्हती. तिनं कधी ब्र काढला नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसायची तिला सवयच होती म्हणा ना! कुणी विचारलंच, तर तिचं उत्तर ठरलेलं असे, "काही नाही."

मधुरिमानं बाटली मशीनच्या वाटीत ओतली. मग अरुंधतीला काय वाटलं कोण जाणे, ती उठली आणि मधुरिमा व पलंग यांच्या मध्ये उभी राहिली.

"घरची रीत विसरलीस? आधी मी."

त्या घराण्याचे पूर्वज संस्थानच्या मुदपाकखान्यात चाखणीवर होते. राजाच्या ताटातला पहिला घास आपल्या तोंडात घालायचा, हे त्यांचं काम. संस्थान गेलं, तुकोगंजातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात कसला आलाय मुदपाकखाना! पण रीत मात्र तगून राहिली होती. सराफ्यातल्या हलवायाकडून आणलेली मिठाई असो की पोराबाळांचं औषध, घरात नवं काही आलं की आधी मोठी सून चाखणार. सासूबाईंनी तो मान अरुंधतीच्या ओटीत घातला होता आणि मधुरिमानं सगळं काढून घेतलं तरी तो तेवढा तिच्याकडे राहिला होता.

"घ्या, तुमची तसल्ली होऊ दे," मधुरिमा थकून म्हणाली.

हात लांबवून ती वाटी तिथेच उलटी केली असती, तर काम भागलं असतं! पण भांडण करणं अरुंधतीला जन्मात जमलं नव्हतं. जमत होतं ते सोसणं. तिनं मास्क चढवला, मशीन घरघरू लागलं आणि तिनं खोल श्वास ओढला. नाकापासून छातीपर्यंत मिरचीची धग उतरावी तसं झालं. डोळ्यांना धारा लागल्या. तरी ती ओढत राहिली... काय होतं ते आपल्याला होऊ दे, म्हणजे या पोरीच्या आईचे डोळे उघडतील! शेवटी खोकल्याची उबळ आली आणि तिनं मास्क ओरबाडून काढला.

"वहिनी! काय झालं?"

आणि इथेच घात झाला. तोंडाच्या सवयीनं, कळायच्या आत, अरुंधती बोलून गेली, "काही नाही."

"बघा! उगाच घाबरवत होता," मधुरिमानं सुटकेचा श्वास सोडला आणि मास्क पुसायला घेतला. "ये पिल्लू, मोठ्या आईनं चाखलंय. आता डर नाही."

अरे देवा! हे काय बोलून बसलो आपण? 'नको, जळतंय, आत सगळं जळतंय' असं ओरडायला तिनं तोंड उघडलं... पण आवाजच फुटेना! घशातून नुसती शीळ निघत होती. छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखा श्वास अडकला होता. पलकनं तर आज्ञाधारकपणे हनुवटी वर केली होती. अरुंधतीनं चाखलंय म्हणून ती बिनधास्त होती! आयुष्यभर जे दुखणं झाकलं, ते आज उघडं करायचं तर वाचा गेली होती. असं भय अरुंधतीला नवऱ्याच्या मरणाच्या वेळीही वाटलं नव्हतं.

ती गुडघ्यांवर कोसळली, तशीच सरपटत पुढे गेली आणि मशीनची वायर हातात येताच तिनं जिवाच्या आकांतानं ओढली. मशीन धाडकन खाली आलं. वाटीतलं सगळं फरशीवर सांडलं.

"हे काय केलंत!" मधुरिमा किंचाळली आणि मग तिनं जावेचा चेहरा पाहिला. ओठ काळेनिळे पडले होते. तिच्या एका हातानं पलकचं तोंड घट्ट झाकलेलं होतं.

पलकनं तो हात बाजूला सारला. "मम्मी, मोठी आई साँस नाही घेत आहे!"

शेजारच्या परेशभियांनी विचारपूस न करता गाडी काढली. इस्पितळापर्यंत मधुरिमा जावेचं डोकं मांडीवर घेऊन एकच बोलत होती, "वहिनी, काही नाही म्हणू नका हो... काहीतरी म्हणा..."

डॉक्टर यशवर्धन बाहेर आले तेव्हा बाटली मधुरिमाच्या मुठीतच होती.

"ये बाहर से लगाने की चीज है, मॅडम. साँस में लोगे तो फेफड़े अंदर से जलेंगे. कोणतंही औषध मशीनमध्ये टाकायच्या आधी आम्हाला विचारा." मग त्यांनी पलककडे पाहिलं. "बच्ची को दिया था?"

"नाही," मधुरिमा म्हणाली. "वहिनींनी देऊ दिलं नाही." आणि ती भिंतीला टेकून ढसाढसा रडू लागली.

दोन रात्री ऑक्सिजनवर काढल्यावर अरुंधतीचा श्वास जरा सुधारला. भोपाळहून धावत आलेला मधुरिमाचा नवरा संजीव बाहेर औषधं आणायला गेला होता. मधुरिमा पलंगाजवळ येऊन उभी राहिली.

"दुखतंय का, वहिनी?"

अरुंधतीच्या ओठांवर नेहमीचं उत्तर आलं होतं. ते तिनं गिळलं.

"हो," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "खूप दुखतंय गं. छातीत... आणि तू बोललीस, तेही."

मधुरिमानं तिचे पाय धरले. "माफ करा... पोटची असती तर, असं बोलले मी. आणि तिची आई त्या दिवशी मी नव्हते, तुम्ही होता!"

"वेडी. तूही भ्यालीच होतीस ना तिच्यासाठी." अरुंधतीनं तिच्या केसांवरून हात फिरवला. दोघींनाही कढ आवरेना.

थोड्या वेळानं मधुरिमानं डोळे पुसले, डब्यातला मऊ वरणभात ताटलीत काढला आणि ती ताटली अरुंधतीच्या हातात दिली. पलकला तिनं उचलून पलंगावर मोठ्या आईजवळ बसवलं. अरुंधती बघतच राहिली. पाडव्यापासून तिचा हात रिकामाच राहिला होता. तिनं घास कालवला आणि सवयीप्रमाणे आधी आपल्या ओठांकडे नेला.

मधुरिमानं हळूच तिचं मनगट धरलं.

"चाखू नका, वहिनी," ती म्हणाली. "भरवा."