बिवळ्याला आवतण

मला झाडपाल्याचं वावडं नाही. धुळ्याच्या एका फार्मसी कॉलेजात मी तेच शिकवतो. डोकं फिरतं ते थोतांडानं. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी खेमा पावरा दर रविवारी शहरी लोकांना रानात फिरवून औषधी झाडं दाखवतो. आमची पोरं पाठवण्याआधी गड्याला पारखून घ्यावं म्हणून मी शनिवारीच जाऊन धडकलो.

माणूस पक्का निघाला. साल, डिंक, मुळं, सगळं बिनचूक. त्यानंच माझा संशय वाढला. एवढं खरं सांगणारा कुठेतरी फसवतच असणार.

उन्हं कलताना त्यानं मला एका बिवळ्यापाशी नेलं. बिवळा म्हणजे साखरेच्या आजारावरचं झाड. साल काढायची तर आदल्या दिवशी झाडाला आवतण द्यायचं, तेही आजाऱ्याचं नाव घेऊन. त्यानं बुंध्याशी हळदीचे पाच तांदूळ ठेवले.

"सर, कोनं नाव लेऊ?"

माझी रूपा बारावीत, कबड्डी खेळणारी, कधी साधा ताप नाही. "रूपा. माझी मुलगी," मी ठोकून दिलं.

"तिना मुतले मुंग्या लागतस का?"

"लागतात की!" हसू कसंबसं आवरलं. उद्या वीस जणांसमोर याचं पितळ उघडं पाडायचं, मी ठरवलं.

रविवारी सकाळी आठला सगळे बिवळ्याभोवती जमले. आपली सावली बुंध्यावर पडणार नाही असा खेमा बाजूला उभा राहिला आणि कोयत्याचा एकच घाव घातला. लालभडक चीक ओघळला. सालीचा तुकडा पळसाच्या पानात बांधून त्यानं माझ्या हातावर ठेवला.

"घर लई जा, सर. पानीमा भिजाडीसन पाजा."

"खेमाभाऊ, माझ्या पोरीला काहीच झालेलं नाही," मी मोठ्यानं म्हणालो. लोक हसले.

खेमा हसला नाही. तो बुंध्याकडे बघत होता. कालचे तांदूळ तिथे नव्हते. पाखरांनी खाल्ले असतील.

"सर, पाहुना तं निंघना. बिमार नही सापडनी तं तो काय करी?"

"परत जाईल, अजून काय!"

"आवतण लीसन कोनी उपाशी परत जास का?"

उतरताना मी ती पुडी जीपमधून नाल्यात भिरकावली. हाताचा लाल डाग मात्र धुतला तरी जाईना.

दुपारी एक वाजता घरी पोचलो. उंबऱ्यावर पाच पिवळे तांदूळ पडले होते.

"रूपा, कोण आलं होतं?"

"एक आजोबा, सकाळी आठला. 'रूपा कोन शे?' म्हणाले. म्हटलं, मीच. 'बिमार शे ना?' म्हटलं, छे हो, मला काय धाड भरलीय!"

"मग?"

"मग काही नाही. 'बाप खोटं कसाले बोली?' म्हणाले, डोक्यावरून हात फिरवला आणि गेले. बाबा, सरका ना जरा."

तिनं माठातून तांब्या भरला. उभ्या उभ्या रिकामा केला. पुन्हा भरला.

"किती पाणी पितेस ग?"

"सकाळपासून तहानच भागत नाहीये."

मी पुडी शोधायला दाराकडे वळलो. तो नाला कुठला, ते वळण कुठलं, काही केल्या आठवेना.

उंबऱ्यावरून मुंग्यांची रांग आत आली होती. तांदळाला एकही शिवली नव्हती. रांग सरळ न्हाणीघरात गेली होती.