आडनाव सोडून सगळं

"हो गं आई, बघायलाच आलोय... सकाळपासून बघतोय. नाही, एकही पसंत नाही. एक बरी होती, पण पाठ फार ताठ. दुसरीचे पाय म्हणजे नुसत्या काड्या."

मी त्याच्या मागेच उभी होते. निळा शर्ट, मराठी, शनिवारची दुपार आणि मेलबर्नची आर्ट गॅलरी. सुचित्रामावशीने वर्णन केलेला मुलगा हाच, यात शंकेला जागा नव्हती. जागा होती ती फक्त संतापाला.

मला बघायला पार पश्चिमेकडच्या कालगुर्लीहून एक डॉक्टर येणार होता. मी विम्याचे क्लेम तपासते. कोण किती फुगवून सांगतंय हे ओळखायचाच मला पगार मिळतो, त्यामुळे आधीचे दोघे मावशीच्या क्रेगीबर्नच्या घरी, जिथे मीही राहते, पोहे संपायच्या आत माझ्या लेखी बाद झाले होते. मावशीच्या हॉलमधल्या खुर्च्यांवर दुकानातलं प्लास्टिक अजून तसंच आहे. पाहुणा जरा सरकला की चर्रर्र आवाज होतो आणि सगळे ऐकलंच नाही असं दाखवतात. मी या खेपेला सांगून टाकलं, त्या खुर्चीत बसून मी स्वतःला बघू देणार नाही. बघायचंच असेल तर लोक जिथे बघायला जातात तिथे येऊ दे.

"गॅलरी तर गॅलरी," मावशी म्हणाली. "पण एवढ्या शिकलेल्या, आपल्यातल्या मुलाला नाही म्हणालीस, तर पुढे माझ्या दारात कुणाला आणू नकोस. मग तू आणि तुझी मर्जी."

आणि हे महाशय काड्या मोजत होते.

त्याने फोन ठेवला. मी विचारलं, "पाठ ताठ असली तर काय बिघडतं?"

तो वळला. दचकला नाही, उलट खूश झाला... मराठीत कुणीतरी बोललं म्हणून असेल. "काही वेळाने त्रास होतो."

"कुणाला?"

"म्हाताऱ्या माणसांना जास्त."

म्हणजे सासू-सासऱ्यांना. मी मनात नोंद केली. "आणि पाय बारीक असले तर?"

"वजन पेलत नाही."

"सगळं वजन तिनेच पेलायचं?"

त्याने खरंच विचार केला. "मग कुणी पेलायचं?"

"तुम्ही काय करणार? नुसते निवांत बसणार?"

"बसल्याशिवाय कळत नाही ना... पण इथे बसू देत नाहीत." तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा आधी मिटायचा, उजवा मागून यायचा. क्लेम नामंजूर करायला हे कारण पुरत नव्हतं.

"स्वयंपाक येतो?" मी आवाज कडक ठेवला.

"वरण-भात, भुर्जी. सुकटाची चटणी आईपेक्षा बरी करतो, पण तिला सांगू नका."

मावशी तर म्हणाली होती घर शुद्ध शाकाहारी. मावशीपासून सुकट लपवणारं घर, आणि ते सरळ सांगून टाकणारा डॉक्टर... मी ते त्याच्या जमेच्या बाजूला टाकलं. मग विचारत सुटले. बायकोची नोकरी? "तिची आहे ना? मग तिने ठरवावं." कपडे कोण धुतं? "मशीन. वाळत मी घालतो." राग आल्यावर काय करता? "चालायला जातो. ट्रुगानिनात चालायला जागा भरपूर आहे, सावली तेवढी नाही."

"ट्रुगानिना? ते तर इथे मेलबर्नमध्येच. कालगुर्ली नाही?"

"कालगुर्लीला काय आहे?"

तेवढ्यात माझा फोन थरथरला. 'मी श्रीनिवास. हॉलमध्ये उभा आहे. निळा शर्ट. तुम्ही दिसत नाही.'

या शहरात याच गॅलरीच्या दोन इमारती आहेत, एक नदीच्या या काठाला, दुसरी पलीकडे. मावशीला एकच माहीत होती, पण कुठली ते तिने सांगितलं नव्हतं.

"तू... इथे कशाला आलायस?" मला तुम्ही म्हणायचं भानच राहिलं नाही.

"खुर्च्या बघायला." त्याने बाजूला बोट केलं. दोरीपलीकडे जुन्या खुर्च्या ओळीने मांडल्या होत्या. पहिलीची पाठ ताठ होती, दुसरीचे पाय काड्या. "वृद्धाश्रमांसाठी फर्निचर डिझाइन करतो मी. सुयश. आणि तू कशाला आलीस?"

"मला बघायला येणार होते," मी म्हणाले, आणि तो इतका हसला की कोपऱ्यातल्या गार्डनेही मान वर केली.

श्रीनिवास विमानं बदलून आला होता. त्याला फोनवर नकार देणं मला बरं वाटेना. पूल ओलांडून गेले. चांगला माणूस होता. म्हणाला, कालगुर्लीत तुमच्या कामाचं काही जमेल असं वाटत नाही, पण घर मोठं आहे. मी म्हणाले, मला घर लहान चालेल, काम सुटलेलं चालणार नाही.

"घरी काय सांगू?" त्याने विचारलं.

"मुलीने मुलगा नापसंत केला, असंच सांगा. त्यात लाजण्यासारखं काय आहे? आम्ही किती वर्षं ऐकतोय."

मावशी तेव्हापासून माझ्याशी फक्त भाजीपुरती बोलायला लागली.

आणि मी दर शनिवारी सुयशबरोबर गॅलरीत जायला लागले. आधी मी गॅलरी उरकायची, सेलमध्ये फिरल्यासारखी. सुयशने तिथेच अडवलं. म्हणाला, एका खेपेला एकच वस्तू. मोठ्या हॉलच्या रंगीत काचांच्या छताखाली त्याने मला चक्क जमिनीवर आडवं व्हायला लावलं. आजूबाजूला आजी-आजोबा, पोरंबाळं, सगळे तसेच पसरलेले.

"आता काय करायचं?"

"काही नाही. पडून राहायचं."

"किती वेळ?"

"क्लेम निकाली काढायचाय का तुला? बघ ना जरा..."

मी बघितलं. ढग सरकला तसा वरचा निळा रंग जांभळा झाला आणि त्याच्या कपाळावर उतरला. मी छताकडे बघत होते असं त्याला वाटत होतं.

जुलैतल्या एका शनिवारी बाहेर बारीक गार पाऊस होता आणि वस्तू निवडायची पाळी त्याची होती. तो मला आशियाच्या दालनात घेऊन गेला. दगडातला बुद्ध. नाकाचा टवका उडालेला, ओठ शाबूत. सुयशने सहज हात जोडले, घरातल्या माणसाला जोडावेत तसे. मग म्हणाला, "तुला एक सांगू? त्या दिवशी तू मला सगळं विचारलंस, एक सोडून. मराठी माणूस भेटला की दुसऱ्या मिनिटाला आडनाव विचारतो. मग गाव विचारतो. मग चेहरा किंचित बदलतो... तू विचारलं नाहीस. म्हणून मी थांबलो."

गप्प बसले असते तर मोठेपणा फुकटात पदरात पडला असता. पण असले फुगवलेले दावे मी रोज फेटाळते.

"मला वाटलं मला माहीत आहे," मी म्हणाले. "तू श्रीनिवास आहेस असं समजत होते ना. त्याचं आडनाव मावशीने आधीच सांगितलं होतं."

त्याचे दोन्ही डोळे एकदमच स्थिर झाले.

"आणि नंतर?"

"नंतर... विचारलं असतं तर मावशीला सांगावं लागलं असतं. न विचारणं माझ्या सोयीचं होतं."

तो बुद्धाकडे वळला. "मग आता विचार," तो म्हणाला. आवाज शांत होता, पण हात खिशात गेले होते. "मला गैरसोयीचं व्हायचंय."

"आडनाव काय तुझं, सुयश?"

"कांबळे."

मी फोन काढला. मावशीने उचलला, मागे कुकरची शिट्टी झाली.

"मावशी, संध्याकाळी पोहे कर. एकाला घेऊन येतेय. मी पसंत केलाय."

"अगं बाई..." ती भाजी सोडून दुसऱ्या विषयावर आली होती. "कोण? काय करतो? आडनाव काय?"

"सुयश कांबळे. खुर्च्या करतो."

पलीकडे शांतता. ती शांतता मला ओळखीची होती. तिच्यात नेहमी मीच घाईघाईने काहीतरी भरायचे, मुलगा वाईट नव्हता, माझंच जमलं नाही, वगैरे. या वेळी एक शब्द भरला नाही. दालनात लोक होते, पण मी आवाजही खाली आणला नाही.

"घरी ये," मावशी शेवटी म्हणाली. "आधी आपण दोघी बोलू."

"तिघं बोलू. नाहीतर आम्ही दोघं बाहेर खाऊ, आणि मी पुढच्या आठवड्यात खोली बघते. तूच म्हणाली होतीस, मी आणि माझी मर्जी."

आणखी एक शिट्टी झाली. "...कांदा बारीक चालतो का त्याला?" तिने रागानेच विचारलं आणि फोन आपटला.

सुयशचे हात खिशातून बाहेर आले होते. "चिडल्या?"

"चिडलीय. आज नीट बोलेल असं नाही. पुढच्या वेळीही नाही. भ्यायलास?"

"मी?" आधी डावा डोळा मिटला, मग उजवा. "त्यांच्याकडे खुर्च्या कशा आहेत, ते सांग."

"चांगल्या आहेत. पण प्लास्टिक काढलेलं नाही. हललं की बोंब मारतात."

आम्ही जिना उतरलो. बाहेर पडताना त्याने माझा हात धरला, ट्रॅमच्या थांब्यावर, सगळ्यांसमोर, आणि ओल्या रस्त्याकडे बघत म्हणाला, "मग मी बसलो की मुद्दाम हलणार."

"नको," मी म्हणाले. "बसायच्या आधी दोघं मिळून ते प्लास्टिक फाडू."